डाळमिलच्या कर्जाआधी एक हिशेबाची वही सुरू करा

घरच्या तुरीवर छोटी डाळमिल टाकायची असेल, तर 2020 साली सुरू झालेली पीएमएफएमई (प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग) योजना बघा. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान. पण ते रोख हातात पडत नाही, कर्जाला जोडलेलं असतं. शिवाय किमान 10 टक्के पैसा स्वतःचा घालावा लागतो. म्हणजे आधी बँकेचा साहेब पटला पाहिजे, आणि तो नुसता सातबारा बघून पटत नाही.

म्हणून या हंगामापासूनच शंभर पानी वही सुरू करा. डावीकडे खर्च, उजवीकडे विक्री. बियाणं-खत सगळेच लिहितात. घरच्यांची मजुरी, डिझेल, बारदाना, हमाली-तोलाई राहून जाते. नेमकी तीच लिहा. बाजार समितीची हिशेबपट्टी त्याच पानाला टाचा (माझ्या निम्म्या पट्ट्या शर्टाच्या खिशात धुतल्या गेल्या). विक्रीचे पैसे खात्यावरच घ्या, रोखीतला धंदा बँकेला दिसत नाही.

प्रकल्प अहवालासाठी एजंटाला पैसे मोजू नका. त्याच कामाला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन सरकार देतं. तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणि हो, मशीन आधी उचलून मग अर्ज करायला जाऊ नका.