जुन्या बोलेरो-स्कॉर्पिओचं ॲव्हरेज पडलं? डिझेल पंप उतरवण्याआधी या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षं चाललेली बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो किंवा सफारी डिझेल जास्त प्यायला लागली की बहुतेक मालक गाडी थेट डिझेल पंपवाल्याकडे नेतात. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरतो, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) कॅलिब्रेट होतात, मोठं बिल हातात पडतं आणि ॲव्हरेज मात्र होतं तिथेच राहतं. डिझेल जिथून येतं तिथेच बिघाड असणार, हा समज त्यामागे असतो. जुन्या गाडीत बऱ्याचदा डिझेल बरोबर जळत असतं, पण त्यातून मिळालेली ताकद घासणाऱ्या ब्रेकमध्ये, थंड इंजिनात किंवा फाटक्या होजमध्ये वाया जात असते. म्हणून तपासणी चाकांपासून सुरू करा. पंपाला हात सगळ्यात शेवटी.

आधी मोजायला शिका

काट्यावरून काढलेलं ॲव्हरेज धरू नका. "हजाराचं टाकलं, इतकं चालली" हा हिशोबही धरू नका. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, त्यामुळे काटा वरच्या अर्ध्यात हळू आणि खालच्या अर्ध्यात झपाट्याने उतरतो. टाकी नोझलच्या पहिल्या कटपर्यंत भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. निदान ४०० किलोमीटर चालवून त्याच पेट्रोल पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ४१२ किलोमीटरला ३४.६ लिटर लागलं तर ॲव्हरेज ११.९. कट लागल्यावर राउंड फिगरसाठी नोझल दाबत बसू नका. डिझेलला फेस येतो आणि एका वेळी दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. अशा तीन टाक्यांची सरासरी निघाली की मगच ॲव्हरेज खरंच पडलंय का ते ठरवा.

टायर बदललेत का, हेही इथेच बघा. बोलेरोचा मूळ टायर २१५/७५ आर १५. गाडी उंच दिसावी म्हणून पुष्कळ जण २३५/७५ आर १५ घालतात. मूळ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, नव्याचा ७३३. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ४ टक्क्यांहून थोडं जास्त अंतर कापते आणि मीटरला ते कळत नाही. मीटर ४०० दाखवतं तेव्हा गाडी ४१७ च्या आसपास चाललेली असते, त्यामुळे पडलेल्या ॲव्हरेजचा काही भाग नुसता मीटरचा असतो. उरलेला भाग मात्र खरा. मोठं, जड चाक उचलायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि गावातल्या रस्त्यांवर गाडी एक गिअर खालीच राहते.

चाकं मोकळी फिरतात का?

जुन्या गाडीत धरून राहिलेला ब्रेक सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर चालवा, या काळात ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि गाडी हलकेच थांबवा. मग प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या. डिस्क किंवा ड्रमला हात लावू नका, भाजेल. डाव्या-उजव्या चाकाची एकमेकांशी तुलना करा, पुढच्याची मागच्याशी नको. एक चाक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे गरम लागलं तर तिथला ब्रेक धरतोय.

आता दुसऱ्या टोकाच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि संशयाचं चाक जॅकवर घ्या. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. लायनर किंचित घासल्याचा आवाज चालेल, पण चाक जोर लावून ढकलावं लागू नये. जड असेल तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकचं तेल सोडायचा छोटा स्क्रू, क्षणभर सैल करा. तेल उडालं आणि चाक मोकळं झालं, म्हणजे दाब आत अडकून होता. एकाच चाकाला असं होत असेल तर ब्रेकचा रबरी होज आतून सुजलेला असतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण दाबलेलं तेल परत सोडत नाही. दोन्ही किंवा चारही चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) आणि पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) बघा. निपल सैल करूनही चाक जडच राहिलं तर दोष यांत्रिक आहे. पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपरच्या स्लायडिंग पिना जाम झाल्यात.

या पिना साफ करून बसवताना एक चूक हमखास होते. व्हील बेअरिंगचं साधं ग्रीस त्यांना फासलं जातं. त्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि काही महिन्यांत पिना पुन्हा जाम होतात. इथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं.

मागच्या ड्रमची गोष्ट वेगळी. हँडब्रेक वर जास्त येतो म्हणून मेकॅनिक केबल ताणून देतात. लायनर झिजलेले असताना आधी ड्रममधला ॲडजस्टर लावायचा असतो. केबल ताणली की शू कायम ड्रमला टेकून राहतात. हँडब्रेक पूर्ण खाली असताना केबलला थोडी ढील असलीच पाहिजे.

चाकांपाशी आहातच तर टायरच्या नक्षीवर आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धार लागली तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय आणि टायर रस्त्यावर फरफटतोय. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमधला खेळ काढल्याशिवाय अलाइनमेंट करू नका, आठवड्यात परत जाते. हवा सकाळी गार टायरमध्येच मोजा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. स्वतःचा गेज घ्या. रस्त्याकडेच्या दोन कॉम्प्रेसरवर दोन वेगळे आकडे मिळतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

मे महिन्यात घाटात गाडी तापते आणि गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. काटा खाली राहतो, मालक खूश होतो. नुकसान मात्र पुढची कित्येक वर्षं चालू राहतं.

ठरावीक तापमानापर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं हे थर्मोस्टॅटचं काम. बहुतेक डिझेल इंजिनांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो नसेल तर इंजिन गार राहतं. कॉमन रेल इंजिनात (ज्यात डिझेलचं माप कॉम्प्युटर ठरवतो) सेन्सर ईसीयूला, म्हणजे त्या कॉम्प्युटरला, सांगतो की इंजिन अजून थंड आहे, आणि ईसीयू थंड इंजिनाच्या हिशोबानेच डिझेल सोडत राहतो. ऑइल पातळ होत नाही म्हणून घर्षण वाढतं, सिलिंडरचे लायनर लवकर झिजतात. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापू शकते.

तपासणं सोपं आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि फॅन-बेल्टपासून हात लांब ठेवून रेडिएटरच्या वरच्या होजला स्पर्श करा. होज बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट ठीक आहे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय किंवा मुळात नाहीच. बाहेर काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत गरम करा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडायला लागला पाहिजे. नवा बसवताना त्याच्या कडेला हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. नवं गास्केट घाला आणि कूलंट भरून एअर काढा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

मुळात गाडी तापत का होती, ते कारण शोधा. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत माती, किडे, उसाचं पाचट साचलेलं असतं. दोन्ही एकत्र असताना पुढून पाणी मारून ते निघत नाही, ते सुटे करूनच धुवावे लागतात. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात. व्हिस्कस फॅन (गरजेप्रमाणे पकड घेणारा, इंजिनावर फिरणारा पंखा) असेल तर इंजिन बंद आणि गार असताना हाताने फिरवा. हलका अवरोध जाणवला पाहिजे. एका झटक्यात तीन-चार फेरे सुटत असेल तर तो मेलाय. अजिबात सरकत नसेल तर जाम आहे. असा फॅन गाडी गार असतानाही विमानासारखा घोंघावतो आणि ताकद खातो.

हवा कमी, डिझेल तेवढंच

एअर फिल्टर प्रत्येक सर्व्हिसला कॉम्प्रेसरने झाडून परत बसवणं ही बचत नाही. मोठ्या दाबाच्या हवेने कागदाला बारीक चिरा पडतात. झाडायचाच असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने, नोझल लांब धरून. मग आत बल्ब धरा आणि प्रकाशाचे ठिपके दिसतात का ते बघा. फिल्टरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा. धूळ लागली तर झाकणाचं रबर किंवा क्लॅम्प सैल आहे, आणि तीच धूळ टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) पाती झिजवतेय.

टर्बोनंतरचे रबरी होज खालच्या बाजूने, जिथे ते ब्रॅकेटला घासतात, तिथे फाटतात. वरून बघून काही कळत नाही, हात घालून चाचपा. तेलकट ओल आणि तिला चिकटलेली माती ही गळतीची खूण. सोबतच्याला ॲक्सिलरेटर देऊन धरायला सांगा आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे येतील. अशी गाडी काळा धूर सोडते, पिकअप मरतो, आणि तीच भर काढायला पाय आणखी दाबला जातो. टर्बोचा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालत असेल तर पेन्सिलीपेक्षा बारीक रबरी नळीची एक चीरही एवढंच नुकसान करते. ती नळी बदलायला खर्च जवळजवळ नाहीच.

ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला तरी लक्षणं हीच. तो काढून साफ करा. पत्रा लावून बंद करणं सर्रास चालतं, पण त्याने प्रदूषण वाढतं आणि कॉमन रेल गाडीत बऱ्याचदा चेक इंजिनचा दिवा लागतो.

आता पंप आणि इंजेक्टर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच. सुरुवात डिझेल फिल्टरपासून करा. तळाचा बोल्ट सैल करून साचलेलं पाणी काढा. फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदला आणि बदलताना एअर पूर्ण काढा.

जुन्या मेकॅनिकल पंपाचं सील तोडून फुल लोडचा स्क्रू फिरवून घेऊ नका. "पिकअप वाढवून देतो" म्हणजे डिझेल वाढवून देतो. हवा तेवढीच असल्याने जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन जातं आणि पिस्टनचा माथा तापतो.

कॉमन रेलमध्ये चारही इंजेक्टर उतरवण्याआधी रिटर्न टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी सारख्या बाटलीत सोडून इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवतात. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. कदाचित एकाचंच काम निघेल. इंजेक्टर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा. इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर बदलल्यावर तो स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या, नाहीतर डिझेलचं माप चुकतं. चालू इंजिनाचे हाय प्रेशर पाइप घरी कधीही सैल करू नका. आत प्रचंड दाब असतो, तो हजार बारहूनही वर जाऊ शकतो, आणि डिझेलची धार कातडी भेदून आत जाते.

क्लच तपासायला चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरू नका, आणि "गाडी जुनी आहे" म्हणून मॅन्युअलपेक्षा जाड ग्रेडही टाकू नका. फोर बाय फोर असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच (चारही चाकांना ताकद देणारी स्थिती) काढलेलं असल्याची खात्री करा.

चालवण्यातल्या चुका

छतावरचं रिकामं कॅरिअर उतरवून ठेवा. बुलगार्डही काढा. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, आणि अपघातात तो पादचाऱ्यांना जास्त घातक ठरतो.

समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे म्हणून चौकोनी तोंडाची बोलेरो ११० ने दामटली तर ॲव्हरेज कोसळणारच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या तुलनेत ११० ला तो जवळजवळ १.९ पट होतो. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर ८०-८५ ला स्थिर ठेवलेली गाडी साधारण दोन-अडीच तासांनी उशिरा पोचेल, पण बरंच डिझेल वाचवेल. टायरांवरचा ताणही कमी होईल.

आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉमन रेल इंजिन डिझेल तोडतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये आयडलपुरतं डिझेल जळत राहतं आणि दोन टनांच्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.