वजन ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, तरी हृदयाभोवती चरबी? या चुका टाळा

"आपण तर काडीपैलवान, आपल्याला कसली चरबी" ही पहिली चूक. जळगाव-धुळ्याकडे असे कितीतरी जण दिसतात, हातपाय बारीक अन् शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. पोटाच्या आत चरबी जास्त असली की बऱ्याचदा हृदयावरही जास्त असते. थोडीफार तिथे सगळ्यांनाच असते बरं का, हृदयाला ती इंधन पुरवते, भानगड होते ती वाढल्यावर. ही चरबी अन् हृदयाचा स्नायू यांच्यामधे पडदाच नाहीये, हृदयाला रक्त देणाऱ्या मोठ्या नळ्याही तिच्यातूनच जातात, त्यामुळे तिच्यातून सुटणारी सूज वाढवणारी रसायनं थेट नळीपर्यंत पोचतात. नळीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साईड बनवतं, त्यानेच नळी गरज पडली की सैल होते (१९९८ चं मेडिसिनचं नोबेल याच शोधाला मिळालं), त्या रसायनांमुळे हे नायट्रिक ऑक्साईड कमी पडलं की नळी ताठरते.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात यातलं काहीच दिसत नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी), सीटी, एमआरआयमधे चरबी दिसते, पण तेवढ्यासाठी स्वतःहून सीटी काढायला पळू नका. घरातला शिलाईचा टेप घ्या, शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्या लोकांत पुरुषाला ९० अन् बाईला ८० सेंमी, याच्या वर गेलं तर शुगर-बीपी तपासा. पँटचा नंबर धरू नका, ती पोटाखालीच बांधलेली असते.

महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून चालणं सोडतात, हे तर फारच होतं. अहो, वजन तेवढंच राहून आतली चरबी कमी होऊ शकते, टेप परत लावून बघा! मे महिन्यात खान्देशच्या उन्हात दुपारी चालायला निघू नका, पहाटेच उरका. घाम काढणारे पट्टे बांधून फक्त पाणी जातं.

खाण्यात भरीत-कळण्याच्या भाकरीला उगाच दोष देऊ नका, शेवभाजीवरची तर्री अन् वरून परत मूठभर शेव, तिथे हात आवरा. अन् तंबाखू! चालणं नियमित, आहार कडक, पण गालात पुडी, मग नळीचं अस्तर कसं सुधरणार बो?

चालताना छातीत दाब आला, धाप लागली तर मात्र टेप-बिप बाजूला ठेवा अन् लगेच डॉक्टरकडे जा, गॅस समजून सोडा पीत बसू नका.