घाटात गाडी पेटली, रस्त्यात माणूस पडला: ट्रकचालकांनो, या चुका टाळा

गोव्यात मोलेच्या चेकनाक्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकांच्या केबिनमध्ये डोकावून पाहा. आग विझवायचा लाल सिलिंडर बहुतेक गाड्यांत सापडतो. पण कुठे? क्लीनरच्या सीटमागे, अंथरूण, स्टोव्ह, ताडपत्रीचे दोर आणि पाण्याचा कॅन यांच्या खाली. तिस्कला एका टिपरमध्ये तर पिन खडखडते म्हणून चालकाने ती बाइंडिंगच्या तारेने तीन वेढे देऊन करकचून बांधली होती. तार सोडायला पक्कड हवी, पक्कड टूलबॉक्समध्ये आणि टूलबॉक्सला कुलूप. "पासिंगला दाखवायचा असतो हो," तो हसत म्हणाला. खोटं नव्हतं. पासिंगला तो सिलिंडर पास झालाच होता.

रस्त्यावर धाडस कमी पडत नाही. अपघात दिसला की गाडी बाजूला घेऊन धावणाऱ्यांत ट्रकवाले असतातच, मग गाडी कर्नाटकाची असो, महाराष्ट्राची असो की आपल्या डिचोलीची. घोळ होतो तो क्रमाचा. आधी करायचं ते मागाहून होतं, मागाहून करायचं ते आधी, आणि कधीच करू नये असं काहीतरी मधल्या मध्ये होऊन जातं.

सिलिंडर हाताशी नसणे

सिलिंडर चालकाच्या दाराजवळ, क्लिपच्या पट्ट्यात हवा. खाली उतरून, उभ्या उभ्या हात घालून निघाला पाहिजे. केबिनच आतून पेटली तर सीटमागचा सिलिंडर काढायला कोणीही परत आत जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. सीटचा फोम आणि रेक्झिन यांचा धूर चार-पाच श्वासांत माणसाला आडवा करतो.

सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे डिझेल भरताना पाहायची सवय लावा. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा आणि वर गाडीचे हादरे. आतली पावडर तळाला दाबून बसते, ओल शिरली असेल तर गोळे होतात. काटा हिरवा दाखवतो, पण दांडी दाबली की नुसती फुस्स हवा येते. म्हणून महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करून हलवायचा आणि वर्षाला एकदा तो उघडून तपासून घ्यायचा. नुसतं नवं स्टिकर चिकटवून देणारेही भेटतात. त्यांना पावडर बाहेर काढून दाखवायला सांगा, लगेच कळतं.

आणि ट्रकला कारचा एक किलोवाला डबा लावू नका. दहा सेकंदांच्या आत तो संपतो. सहा किलोचा एबीसी पावडरचा घ्या, आयएसआय छाप पाहून. तोही साधारण पंधरा-वीस सेकंदच चालतो, हे मात्र डोक्यात पक्कं हवं. कितीतरी जणांना वाटतं की तो पाच मिनिटं चालेल.

पिन आधी, इंजिन नंतर

धूर दिसला की पहिला हात सिलिंडरकडे जातो आणि इंजिन मात्र घरघरत राहतं. इंजिन चालू म्हणजे डिझेलचा पंप चालू. पाइप फुटलेला असेल तर तुम्ही समोरून विझवताय आणि मागून गाडी स्वतःच तेल ओततेय. म्हणून गाडी कडेला, इंजिन बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, क्लीनर आणि जो कोणी बरोबर असेल तो खाली, मग सिलिंडर. एकाने १०१ किंवा ११२ लावायचा, दुसऱ्याने विझवायचं. दोघांनी मिळून विझवायचं आणि फोन कोणीच करायचा नाही, हे फार वेळा होतं.

वायरिंग हे आगीचं नेहमीचं कारण आहे, म्हणून मेन स्विचवर एवढा भर. जादा हॉर्न, रंगीत दिवे, फॅन, चार्जर हे सगळं फ्यूजला बगल देऊन थेट बॅटरीवरून घेतलं की वायर तापते आणि डॅशबोर्डच्या मागे कापडी टेप जळायला लागते. करपट वास आला तर तो पुढच्या ढाब्यापर्यंत थांबत नाही.

इंजिनला आग लागली असेल तर केबिन टिल्ट करू नका, नाकवाली गाडी असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका. हवा मिळाली की भडका थेट तोंडावर येतो. फटीतून, जाळीतून, चाकाच्या वरच्या मोकळ्या जागेतून पावडर आत मारा.

मारताना वारा पाठीवर घ्यायचा, दोन-तीन मीटरवर उभं राहायचं आणि नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरून डावीकडून उजवीकडे फिरवायचं. ज्वाळेच्या शेंड्यावर मारलेली पावडर वाऱ्याबरोबर जाते. पेटलेल्या डिझेलवर किंवा ऑइलवर पाण्याची बादली ओतणं ही तर आग रस्ताभर पसरवण्याची रीत आहे. सिलिंडर संपला आणि आग उरली, तर मागे व्हा. माल विम्यात भरून निघतो.

पेटलेल्या टायरला "विझला" समजणे

या चुकीवर जास्त वेळ घालवतो, कारण अनमोड आणि चोर्ला घाट उतरताना हेच घडतं. वरून भरलेली गाडी खाली येते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलेला असतो किंवा वरच्या गिअरमध्येच सोडलेली असते. सगळा भार ब्रेकवर. ड्रम लाल होतो, लायनर जळतो, हबमधलं ग्रीस वितळून पेटतं आणि त्यातून टायर धरतो. चालकाला मागच्या गाडीवाला हॉर्न मारून सांगतो तेव्हा कळतं.

चालक उतरतो, पावडर मारतो, ज्वाळा जाते, पांढरा धुरळा बसतो. सगळे हुश्श करतात. पावडर ज्वाळा मारते, उष्णता काढत नाही. ड्रम तसाच तापलेला, रबर आतून धुमसत असतं. गाडी पुन्हा सुरू करून निघालं की वारा लागतो आणि दोन-चार किलोमीटरवर तोच टायर पुन्हा पेटतो. या वेळी सिलिंडर रिकामा असतो.

टायरला पाणी लागतं, भरपूर, आणि बराच वेळ. म्हणून घाटातल्या गाडीत पाण्याचे दोन मोठे कॅन भरलेले असू द्या. पावडरने ज्वाळा पाडा, लगेच पाणी सुरू करा, वाफ यायची थांबली तरी पाच-दहा मिनिटांनी परत बघा. बंब आला तरी त्यांना "विझलंय, जा" म्हणून परत पाठवू नका. त्यांना चाकावर पाणी मारू द्या.

उभं कुठे राहायचं हेही महत्त्वाचं. तापलेला टायर फुटतो तेव्हा रिंग आणि रबर बाजूला उडतं. म्हणून चाकाच्या तोंडासमोर, नटबोल्टांच्या बाजूला कधीही उभं राहू नका. गाडीच्या पुढून किंवा मागून, तिरकं या. बघे लोक नेमके बाजूलाच मोबाइल धरून उभे असतात, त्यांना आधी हटवा.

एक उलटी चूकही सांगायला हवी. नुसता ड्रम तापलाय, धूर आहे, ज्वाळा नाही, अशा वेळी त्यावर थंड पाणी ओतलं तर ड्रमला तडे जातात. मग सपाट जागा बघून थांबा, चाकांना ठोकळे लावा आणि आपोआप निवू द्या. चहा घ्या. ज्वाळा दिसली की मात्र ड्रमची किंमत विसरा.

टँकर उलटलेला पाहून जवळ जाणे

२०१२ च्या ऑगस्टमध्ये केरळात कण्णूरजवळ चाला इथे गॅसचा टँकर दुभाजकावर चढून उलटला आणि पेटला. वीस माणसं गेली. हा तोच महामार्ग, जो आपल्याकडे पात्रादेवीहून पोळेपर्यंत जातो. २०१८ च्या जानेवारीत आपल्याच चिखलीत अमोनियाचा टँकर उलटला आणि ऐन रात्री लोकांना घराबाहेर काढावं लागलं.

गॅसच्या टँकरभोवती जमिनीलगत पांढुरका ढग दिसला तर तुमचा सिलिंडर तिथे काही कामाचा नाही. गळणाऱ्या गॅसची ज्वाळा विझवणं तर घातकच, कारण गळती चालू राहते आणि गॅस साचून पुढे मोठा स्फोट होतो. गाडी होती तिथेच ठेवा, ती पुन्हा स्टार्टही करू नका, विडी-सिगारेट दूर, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने चालत निघा. जाता जाता टँकरच्या मागच्या फलकावरचा चार आकडी नंबर लांबूनच वाचता आला तर वाचा आणि ११२ ला सांगा. १०७५ म्हणजे एलपीजी, १००५ म्हणजे अमोनिया, १२०३ म्हणजे पेट्रोल. बंबवाल्यांना तो नंबर मिळाला तर ते तयारी करून येतात. अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबत असेल तर ओला रुमाल नाकावर धरा आणि बाहेर पडल्यावर डोळे वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा.

दगड आणि फांद्या

बंद पडलेल्या गाडीमागे दगड मांडायचे, झाडाची फांदी टाकायची, आणि गाडी दुरुस्त झाली की निघून जायचं. रात्री पावसात येणारा स्कूटरवाला त्याच दगडावर आपटतो. त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीत ठेवायला सांगितलेला आहे तो याचसाठी. निदान पन्नास मीटर मागे ठेवा, आणि वळणावर थांबला असाल तर वळणाच्या अलीकडे, जिथून येणाऱ्याला तो आधी दिसेल. करमळ घाटात गाडीच्या बुडाशी ठेवलेला त्रिकोण कुणालाच दिसत नाही.

जखमीला हातपाय धरून उचलणे

दुचाकी घसरलीय, माणूस पडलाय. दोघे हात धरतात, दोघे पाय, आणि मिळेल त्या गाडीत कोंबतात. मान किंवा कणा दुखावलेला असेल तर याच उचलण्याने तो माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. आग, गॅस, पाणी किंवा अंगावर येणारी वाहतूक, यांपैकी काही नसेल तर त्याला आहे तिथेच राहू द्या आणि तुमचा ट्रक आडवा लावून त्याला आडोसा करा. हे काम ट्रकइतकं चांगलं दुसरी कुठलीच गाडी करू शकत नाही.

हेल्मेट ओढून काढू नका. काच वर करा, पट्टा सैल करा. श्वासच अडला असेल तरच, तेही दोघांनी: एकाने मान धरायची, दुसऱ्याने हळूहळू काढायचं. तोंडात पाणी घालू नका. आपल्याकडे पहिली बाटली नेमकी तोंडाकडेच जाते. बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात ते पाणी जातं, आणि शुद्धीवर असला तरी पुढे शस्त्रक्रिया लागू शकते.

रक्त वाहत असेल तर हळद, चहापावडर, कॉफी यांतलं काही नको. स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून तळहाताने जोर लावून दाबा आणि दहा मिनिटं हात काढू नका. "थांबलं का बघू" म्हणून दर मिनिटाला उचललं की धरलेली गाठ सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. सळई किंवा काच रुतली असेल तर ती ओढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, हातमोज्याचं काम करते. गाडीतल्या पेटीतला सुटा कापूस जखमेवर लावू नका, त्याचे तंतू आत अडकतात. पेटीत गॉजचे पॅड, रुंद बँडेजचे रोल, हातमोजे, कात्री आणि टॉर्च एवढं असलं तरी खूप झालं.

हाक मारूनही हलत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायला लागा. छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. अधूनमधून येणारा घुरघुरता आचका म्हणजे श्वास नव्हे. तो ऐकून बरेच जण थांबतात. १०८ ला फोन स्पीकरवर ठेवा. बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, आणि उलटी येतेय किंवा तोंडात रक्त आहे, तर मान आणि कणा एका रेषेत ठेवून त्याला एका कुशीवर वळवा.

भाजलेल्याला टूथपेस्ट, शाई, बर्फ नको. वीस मिनिटं साधं पाणी ओता. अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा, पण कातडीला चिकटलेला शर्ट ओढू नका. आणि फिट आलेल्याच्या हातात लोखंडी चावी देणं, नाकाशी चप्पल किंवा कांदा धरणं, दातांत चमचा घालणं, हे सगळं बंद करा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि आजूबाजूचे दगड हटवा. फिट थांबेपर्यंत एवढंच करायचं असतं.

"बांदा-मडगाव रोडवर" असा पत्ता देणे

१०८ ची गाडी तुम्हाला शोधत फिरते ती अशा पत्त्यामुळे. किलोमीटरचा दगड, जवळचं देऊळ किंवा कपेल, गाडी कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते सांगा. पात्रादेवी, पोळे, केरीच्या आसपास फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरवर जातो, तेव्हा पहिलं वाक्य "मी गोव्यातून बोलतोय" हे असू द्या. मोलेच्या जंगलात रेंज येते-जाते. तिथे एखाद्या दुचाकीवाल्याला चेकनाक्याकडे पिटाळणं जास्त लवकर होतं.

पोलिसांच्या भीतीने निघून जाणे

वाटेत मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमात संरक्षण दिलं आहे. तुम्हाला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची नाही, आणि इस्पितळ तुम्हाला अडवून पैसे मागू शकत नाही. अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंतचे सात दिवसांचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजनाही २०२५ च्या मे महिन्यापासून आहे.

पण अपघात तुमच्याच गाडीचा असेल तर हिशेब वेगळा. जखमीला उपचार मिळवून देणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव अंगावर येतोय असं दिसलं तर तिथून हटायला कायदा मोकळीक देतो, ती फक्त तेवढ्यापुरती. मग थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं, चोवीस तासांच्या आत. मालकाला फोन करून "काय करू?" विचारत गाडी राज्याबाहेर काढली की पळून गेल्याचा गुन्हा अंगाला चिकटतो.

वापरलेला सिलिंडर परत अडकवणे

दोनच सेकंद मारला, काटा अजून हिरवा दिसतो, म्हणून तो परत क्लिपमध्ये जातो. दांडी एकदा दाबली की व्हॉल्व्हच्या सीलमध्ये पावडरचे कण अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो. आठवड्याभराने तो रिकामा. एकदा पिन निघाली की, कितीही थोडा वापरला असला तरी, पुढची फेरी भरण्याआधी तो रिफिलला द्या. तोपर्यंत मालकाकडून बदली सिलिंडर मागून घ्या, आणि तो नाही म्हणाला तर त्याला पासिंगची पुढची तारीख विचारा.