तरंगती पवनचक्की आडवी पडत होती, ती अशी उभी राहिली

साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आम्ही लहानपणापासून पाहतो. पण स्पर्धेला समुद्रावर तरंगणारी हवी होती. १:१०० चं मॉडेल, पीव्हीसी पाइपचा उभा खांब. शेततळ्यात सोडून पंखा लावला की ते आडवं व्हायचं.

खांब उभा राहावा म्हणून पाइपात वजनासाठी भरलेली वाळू जागा फार खाते, म्हणून गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथं एकवटतं तो बिंदू) वर राहतो. वाळू काढून तेवढ्याच वजनाचे लोखंडी छर्रे तळाशी घट्ट बसवले. वजन तेच, त्यामुळे बुडण्याची खोलीही तीच. गुरुत्वमध्य मात्र उत्प्लावन-केंद्राच्या (पाणी जिथून वर ढकलतं त्या बिंदूच्या) चांगला खाली गेला. आता मॉडेल जेमतेम कलतं. स्कॉटलंडच्या हायविंड या तरंगत्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पातल्या (२०१७, ३० मेगावॅट) खांबांतही तळाशी जड लोहखनिजच आहे.

लाटा करताना फ्राउडचा नियम पाळाच (मॉडेल जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पट लाटेचा वेळ कमी; १०० चं वर्गमूळ १०): १० सेकंदांची लाट इथं १ सेकंदाची.