हर्ट्झबर्गर समजून घ्यायचा तर आधी ओटा मोजा

हर्मन हर्ट्झबर्गर, डच वास्तुविशारद. जन्म 1932, अ‍ॅमस्टरडॅम. 1970 ते 1999 नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला प्राध्यापक. 2012 मध्ये वास्तुकलेसाठीचं ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल. सबमिशनला एवढं टिपा आणि पुढे चला.

वेळ द्यायचा तो त्याने डिझाइन केलेल्या डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेला. प्लॅनवर हॉलमधला विटांचा चौथरा शोधा. मुलं त्यावर बसतात, काम मांडतात. आतले लाकडी भाग बाहेर ओढले की रंगमंच तयार! मला हे फार आवडतं.

मग टेप घेऊन आपल्या मंगळवार पेठेत या, ऊन उतरल्यावर. घरच्यांना विचारून एखादा जुना ओटा मोजा: उंची, खोली, पायऱ्या. कोण कुठे टेकतं, पिशवी कुठे ठेवतं, तेही मांडा. मावशींनी चहा दिला तर बसून घ्या, घाई नको. चौथरा आणि ओटा, दोन्हींची रेखाटनं 1:50 प्रमाणात, शेजारीशेजारी, हातानंच काढा.