होंगसामचा खोका उघडण्याआधी

कोरियात चुसॉकला, म्हणजे सुगीच्या सणाला, ऑफिसातून होंगसामचा खोका मिळेल. होंगसाम म्हणजे वाफवून वाळवलेलं लाल जिनसेंग. लांबट पुडीचा कोपरा फाडून गडद, मातकट कडू अर्क तोंडात पिळायचा. थकवा जातो म्हणतात, म्हणून नवीन आलेली आपली मुलं रोज घेतात. सुवॉनमधल्या पहिल्या हिवाळ्यात मीही घेतला आणि वर पदरचे पैसे घालून आणखी तीन खोके आणले. महिन्याभरात छातीत जळजळ, तळपायांची आग, रात्र रात्र झोप नाही. हानुइवॉनमध्ये, म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाच्या दवाखान्यात, वैद्यांनी नाडी पाहिली, घाम, पोट, झोप सगळं विचारलं आणि म्हणाले, "तुम्ही सोयांगिन. जिनसेंग बंद करा." खोके कपाटातच राहिले.

सोयांगिन ही एक प्रकृती. कोरियन वैद्य इ जे-मा यांनी १८९४ साली मांडलेल्या पद्धतीत माणसाच्या अशा चार प्रकृती आहेत. आपले लोक लगेच वात-पित्त-कफाशी जोड्या लावतात. कृपा करून लावू नका, इथला हिशोब वेगळा आहे. सोयांगिनच्या पोटात उष्णता जास्त, म्हणून त्याला जव, काकडी, कलिंगड मानवतं. सोऊमिनचं पोट थंड. त्याला आलं, लसूण, कोंबडी चालते, बर्फातल्या थंड शेवया, म्हणजे नेंगम्यॉन, नाही. तेऊमिनला सोयाबीन, मुळा. तेयांगिन विरळाच.

प्रकृती ठरवायला रक्ततपासणीसारखी पक्की चाचणी नाही, दोन वैद्यांचं मत वेगळं पडू शकतं. तरी मोबाइलवरच्या प्रश्नावलीपेक्षा अनुभवी वैद्य बरा. सुया टोचण्याला सरकारी आरोग्य विमा चालतो, काढ्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. किंमत आधी विचारा.

उन्हाळ्यात बोकच्या, म्हणजे ऐन उकाड्याच्या ठरलेल्या दिवशी सगळं ऑफिस साम्ग्येतांग हे सूप घ्यायला निघतं: अख्खं कोवळं कोंबडं, पोटात चिकट तांदूळ, लसूण, जिनसेंग. माणसं प्रेमाने आग्रह करतात, पण "मला उष्ण पडतं" म्हटलं की लगेच समजून घेतात. संकोचापोटी खाऊ नका.

आणि पुन्हा सांगतो, होंगसाम ऐकीव माहितीवर घेऊ नका. आई-बाबांसाठी तर मुळीच नेऊ नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर ते बाधू शकतं. स्वतः हानुइवॉनला जाताना चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. भाषा अडली तरी औषधाचं नाव वाचता येतं.