पॅराट्रान्झिट: अर्ज, आरक्षण आणि भाडं

अमेरिकेत ज्या संस्था ठरलेल्या मार्गांवर सार्वजनिक बस चालवतात, त्यांना ती बस वापरू न शकणाऱ्या अपंग प्रवाशांसाठी वेगळी गाडीही द्यावी लागते. १९९० च्या अपंगत्व कायद्याने, म्हणजे एडीएने, हे बंधन घातलं. या सेवेला पॅराट्रान्झिट म्हणतात.

अर्जात बहुतेकांची चूक एकच: आजाराचं नाव लिहून थांबणं. पात्रता आजारावर ठरत नाही, वयावर तर नाहीच. बसने जाता येतं का, एवढाच प्रश्न असतो. ‘संधिवात आहे’ यापेक्षा ‘थांब्यापर्यंत चढ आहे, पदपथ नाही, मधे दोनदा बसावं लागतं, बर्फात तर वॉकर चालतच नाही’ हे लिहा. चांगल्या दिवसाचं नव्हे, वाईट दिवसाचं वर्णन करा. पूर्ण भरलेला अर्ज दिल्यावर २१ दिवसांत निर्णय आला नाही, तर तो येईपर्यंत सेवा द्यावीच लागते. नकार लेखी आणि सकारण हवा. अपील ६० दिवसांच्या आत करा.

भारतातून भेटीला आलेल्या अपंग आईवडिलांसाठी या अर्जाची गरज नसते. पाहुण्यांना ३६५ दिवसांत २१ दिवस सेवा मिळते. बाहेरगावच्या पत्त्याचा कागद दाखवावा लागतो, आणि अपंगत्व दिसून येत नसेल तर त्याचाही.

घर आणि जायचं ठिकाण दोन्ही बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत आहेत ना, हे आधी नकाशावर बघा. त्यापलीकडे सेवा देण्याचं बंधन नाही. दिलीच तर भाडं जास्त असू शकतं. वेळही त्या मार्गावरच्या बसचीच.

आरक्षण आदल्या दिवशी करता येतं. मागितलेल्या वेळेच्या तासभर अलीकडची किंवा पलीकडची वेळ संस्था सुचवू शकते, त्याहून लांबची नाही. दवाखान्याची वेळ असेल तर निघायची नव्हे, पोचायची वेळ सांगा. गाडी वाटेत इतरांनाही घेते. कशासाठी जायचंय यावरून कुणाला आधी, कुणाला नंतर असं करायला मनाई आहे.

भाडं त्याच प्रवासाच्या बसच्या पूर्ण, बिनसवलतीच्या तिकिटाच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट २ डॉलर असेल तर कमाल ४. सोबत्याला तेवढंच, मदतनिसाला मात्र शून्य. म्हणून मदतनीस लागतो हे अर्जातच नोंदवा, नाहीतर तो सोबती धरला जातो. कधीकधी साध्या बसने जमत असेल, तर तिथे गर्दी नसलेल्या वेळी अपंगांना पूर्ण तिकिटाच्या निम्म्याहून जास्त भाडं नसतं. म्हणजे ४ डॉलरऐवजी १, चौपट फरक पडतो.